केलम डोंगराची घटपर्णी: कागद नसलेल्या एका मादी झाडाचं काय करायचं?

इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतान प्रांतात सिंतांग शहराजवळ, सपाट मुलखातून ग्रॅनाइटचा एक प्रचंड डोंगर एकदम वर आलेला आहे. त्याचं नाव बुकित केलम. त्याच्या उभ्या कड्यांवरच्या भेगांत नेपेंथिस क्लिपिआटा ही घटपर्णी, म्हणजे घटासारख्या पानात कीटक पकडणारी वनस्पती, वाढते. हा एक डोंगर सोडला तर जगात दुसरीकडे कुठेही ती रानात सापडत नाही. हान्स हालिएर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९३-९४ च्या बोर्निओ मोहिमेत तिचे नमुने गोळा केले आणि १९२८ मध्ये डान्सर या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत आज ती ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

ज्यांनी घटपर्णी जवळून पाहिली आहे त्यांना हे झाड ओळखायला क्षणभरही लागत नाही. एरवी नेपेंथिसचं पान लांबट असतं, त्याच्या टोकातून एक तणाव (वेलीच्या दोऱ्यासारखा भाग) निघतो आणि तणावाच्या शेवटी घट लटकतो. इथे पान जवळजवळ गोल, जाड, चामड्यासारखं असतं. तणाव टोकातून निघत नाही. पान उलटं करून पाहिलं तर कडेच्या बराच आत, खालच्या पृष्ठभागातून तो फुटलेला दिसतो. घट खाली गोल फुगीर आणि वर नरसाळ्यासारखा पसरत गेलेला. असलं झाड आपल्याकडे असावं असं शौकिनांना का वाटतं, हे त्यांना विचारायची गरज नाही. तेच त्याच्या मुळावर आलं.

डोंगरावर त्याचं दोन बाजूंनी नुकसान झालं. कालिमंतानमध्ये एल निन्योच्या कोरड्या वर्षांत वणवे लागतात आणि १९९७-९८ चे वणवे फार मोठे होते. एकाच डोंगरावर सगळी प्रजाती असली की एखादी आगही पुरते. दुसरी बाजू माणसांची. हाताला लागतील ती झाडं उपटून नेली गेली. उरली ती मुख्यतः दोराशिवाय पोचता न येणाऱ्या कड्यांवर. त्यात नेपेंथिसमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. विरळ उरलेल्या झाडांत एक नर फुलला तेव्हा जवळपास मादी फुललेली असेलच असं नाही. म्हणजे झाडं जिवंत दिसतात, पण बी धरत नाही.

दुसरीकडे युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या खाजगी हरितगृहांत हीच प्रजाती टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत) वाढवलेल्या रोपांच्या रूपात वर्षानुवर्षं फिरते आहे. ‘रान गेलं तरी प्रजाती आमच्याकडे वाचली आहे’ हे वाक्य शौकिनांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. या लेखातलं प्रकरण त्या वाक्याचीच परीक्षा आहे.

प्रकरण

खालची माणसं काल्पनिक आहेत, पेच मात्र या क्षेत्रात ज्यांची ऊठबस आहे त्यांच्या ओळखीचा आहे.

काही अनुभवी बागकर्ते एकत्र येऊन क्लिपिआटाची शुद्ध पैदास करायची ठरवतात. त्यांच्याकडे नर झाडं आहेत, मूळ कुठल्या क्लोनची (एकाच झाडाच्या हुबेहूब नकलांची) ते नोंदलेलं आहे. फुलणारी मादी नाही. अशा वेळी एका वयस्क संग्राहकाचं पत्र येतं. त्याच्याकडे मोठी मादी आहे, दर एक-दोन वर्षांनी फुलते. ती त्यानं नव्वदच्या दशकात एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती. तो माणूस ‘तिकडे जाऊन आला होता’, एवढंच त्याला सांगता येतं. पावती नाही, निर्यात परवाना नाही, रोपवाटिकेचं नाव नाही. झाड प्रकल्पाला द्यायला तो तयार आहे, पण बीजारोपांतला ठरावीक वाटा त्याला हवा आणि तो विकायची मुभा हवी.

गटात दोन मतं पडतात. एक म्हणतं, झाड तर आलेलंच आहे. ते नाकारून केलमचा डोंगर भरणार नाही, उलट एक दुर्मीळ जनुकसंच वाया जाईल. दुसरं म्हणतं, हे झाड आपण घेतलं की चोरीच्या मालाला प्रतिष्ठा मिळते आणि उद्या कड्यावर चढणाऱ्याला आयतं निमित्त मिळतं: ‘मी चोरत नाही, वाचवतोय.’

दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून नुसतं कोण बरोबर हे विचारून भागत नाही. या झाडातून नेमकं काय वाचणार आहे, ते आधी पाहायला हवं.

हरितगृहात काय टिकतं आणि काय टिकत नाही

खाजगी लागवडीच्या बाजूनं जे बोललं जातं त्यात दम आहे. टिश्यू कल्चरनं एका बियाण्यापासून हजारो रोपं होतात. रोपवाटिकेतलं निरोगी, लहान, स्वस्त रोप सहज मिळायला लागलं की साध्या शौकिनाला रानातल्या झाडाची गरज उरत नाही. श्रीलंकेतल्या आणि जर्मनीतल्या काही रोपवाटिकांनी कित्येक नेपेंथिस प्रजातींच्या बाबतीत हे करून दाखवलं आहे. शिवाय या झाडांना वाढवायचं कसं हे ज्ञान विद्यापीठांपेक्षा शौकिनांकडे जास्त आहे. कुठल्या तापमानाला मुळं कुजतात, माध्यमात पर्लाइट किती आणि शेवाळ किती, रात्री हवा किती गार हवी, हे वर्षानुवर्षं रोज सकाळी हरितगृहात जाणाऱ्या माणसालाच कळतं. वनस्पती उद्यानांचं मनुष्यबळ आणि पैसा मर्यादित असतो. एखाद्या प्रजातीवर पंधरा वर्षं जीव लावणारा माणूस पगारावर मिळत नाही.

पण क्लिपिआटाच्या बाबतीत हिशेब नीट मांडला की चित्र वेगळं दिसतं. बागांत फिरणारी बहुतेक रोपं मोजक्याच मूळ झाडांचे क्लोन आहेत. हजार हरितगृहांत हजार रोपं असली तरी जनुकीय दृष्टीनं ती मूठभर झाडंच असतात. अशा नर-मादीतून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली तर जवळच्या नात्यातला संकर होत राहतो, रोपं कमकुवत निघतात, रोगाला बळी पडतात.

मादीच्या टंचाईतून आणखी एक गोष्ट घडली. सुलावेसीतल्या नेपेंथिस एमीशी क्लिपिआटाचा संकर केला गेला आणि त्या संकराचा पुन्हा क्लिपिआटाशी. ही झाडं दिसायला देखणी, वाढायला मूळ प्रजातीपेक्षा सोपी आणि बाजारात मिळणारी. मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. गोल पान हवं असलेल्याची हौस त्यातून भागत असेल तर कड्यावरचा ताण तेवढा कमी. फक्त त्यांना संवर्धन म्हणू नये. तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर खुणेची पट्टी हरवते, पट्टीवरचा संकराची खूण असलेला ‘×’ पुसला जातो आणि पाव हिस्सा एमी असलेलं झाड शुद्ध क्लिपिआटा म्हणून फुलतं. त्याचा पराग एखाद्या पैदास प्रकल्पात शिरला तर पुढचं सगळं काम बाद.

निवडीचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. हरितगृहात जे रोप ओलसर, पोषक, वाराहीन जागेत तगतं तेच पुढे वाढवलं जातं. जे मरतं त्याच्याबद्दल आपण ‘नाजूक होतं’ म्हणून मोकळे होतो. केलमच्या कड्यावर दुपारी तापणारा खडक, जेमतेम माती आणि कोरडे आठवडे सोसणारं तेच नाजूक रोप असू शकतं. रानातल्या घटात डासांच्या अळ्यांपासून सूक्ष्म जीवांपर्यंत एक वस्तीच नांदते आणि त्यातली काही मंडळी घटांच्या बाहेर आढळतही नाहीत. खिडकीतल्या घटात पाणी असतं, ती वस्ती नसते.

म्हणजे हरितगृहात जनुकसंच काही काळ राखता येतो. तो कशासाठी राखायचा हे ठरलेलं नसेल तर त्याला संग्रह म्हणतात. संग्रह करण्यात वाईट काही नाही, पण त्याला वेगळे नियम लागतात.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

नेपेंथिसच्या सगळ्या प्रजाती सायटीस या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, अपवाद दोनच. मलेशियातल्या किनाबालू डोंगराची नेपेंथिस राजा आणि मेघालयाची नेपेंथिस खासियाना या दोघी पहिल्या, जास्त कडक परिशिष्टात आहेत. दुसऱ्या परिशिष्टातल्या नोंदीला एक टीप जोडलेली आहे: बिया, पराग आणि निर्जंतुक बाटलीतली टिश्यू कल्चरची रोपं यांना करारातून सूट. हेतू चांगलाच होता. बाटलीतलं रोप बाटलीतच तयार झालेलं असतं, त्याला रोखून रानाचं काही भलं होत नाही.

आपल्या प्रकरणात मात्र हीच सूट अडचणीची ठरते. ‘कृत्रिमरीत्या वाढवलेलं’ झाड कोणतं, याची सायटीसची व्याख्या अशी आहे: नियंत्रित परिस्थितीत वाढवलेलं आणि एक तर सूट मिळालेल्या भागांपासून, नाही तर रीतसर उभ्या केलेल्या मातृझाडांपासून आलेलं. मातृझाडं मिळवताना करार, देशाचा कायदा आणि रानातली प्रजाती, तिन्हींचं भान राखलं पाहिजे अशी अट त्यात आहे. त्या मादीची छाट लावली तर ही अट आड येते. बी धरलं तर बीला सूट आहे. म्हणजे आई चोरीची असली तरी लेकरं कागदावर स्वच्छ ठरू शकतात. इंडोनेशियाचा स्वतःचा कायदा या सुटीनं बदलत नाही हे खरं, पण हजारो किलोमीटर लांबच्या हरितगृहात तो कोण लावणार?

म्हणून ‘आम्ही काही बेकायदा करत नाही’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. कायद्यानं जिथे हात वर केले आहेत तिथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

खरं तर रानातून आलेलं झाड ओळखता येतं, निदान आल्या-आल्या. बुड जाड आणि लाकडी, जुन्या पानांवर दगडफुलाचे आणि शेवाळाचे डाग, कडा किडींनी कुरतडलेल्या, मुळं तुटकी. प्रयोगशाळेतून आलेलं रोप सारखं, चकचकीत, बहुतेक वेळा एकाच बुडातून दोन-चार कोंब फुटलेलं. पण हा फरक टिकत नाही. दोन-तीन वर्षांत जुनी पानं वाळून गळतात, नवी पानं स्वच्छ येतात आणि चोरीचं झाड लागवडीच्या झाडासारखं दिसायला लागतं. तीस वर्षांपूर्वी आलेल्या मादीच्या अंगावर आता कुठलीच खूण नसणार.

इथे भारतातलं उदाहरण घ्यावंसं वाटतं, कारण ते उलट्या टोकाचं आहे. खासियाना ही भारतातली एकमेव नेपेंथिस. १९९१ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण आलं. विशिष्ट वनस्पतींच्या यादीत घटपर्णीचा समावेश झाला आणि त्यांची लागवड करायलाही परवाना बंधनकारक झाला. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथे घटपर्णीसाठी अभयारण्य आहे. रानाचं संरक्षण म्हणून हे ठीकच, पण लागवडीवरच्या परवान्याचा एक परिणाम उघड आहे: ज्याच्याकडे बियांपासून वाढवलेली दोन झाडं आहेत तो ती कुणाला सांगत नाही. सांगितली नाहीत की नोंद होत नाही आणि नोंद नसलेलं झाड पैदाशीच्या कामाचं राहत नाही. कडक कायदा आणि ढिला कायदा, दोन्हींनी शेवटी हातात एकच गोष्ट येते, ती म्हणजे बिनकागदाचं झाड.

झाड कुणाचं?

१९९२ च्या जैवविविधता करारानं जनुकीय संपत्तीवर त्या-त्या देशाचा सार्वभौम हक्क मान्य केला. २०१० च्या नागोया प्रोटोकॉलनं त्यातून होणाऱ्या लाभाच्या वाटणीची चौकट दिली. क्लिपिआटाच्या व्यापारातून केलमच्या पायथ्याच्या गावांना काय मिळालं? झाड कड्यावरून उतरवणाऱ्याच्या हाती थोडे पैसे पडले असतील, पण खरा नफा रोपं विकणाऱ्या साखळीत पुढे झाला. डोंगर आज निसर्ग पर्यटन उद्यान आहे. तिथे रखवाली करायला, वणव्याच्या दिवसांत माणसं ठेवायला पैसा लागतो.

याच्या शेजारी ऑस्ट्रेलियाचा वोलेमाय पाइन ठेवून पाहावा. १९९४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या एका घळीत तो सापडला, तेव्हा मोजकीच झाडं रानात होती. जागा गुप्त ठेवली गेली, सरकारच्या परवानगीनं रोपं तयार झाली, २००५ मध्ये पहिल्या रोपांचा लिलाव झाला आणि नंतर ती सर्वांना विकत मिळू लागली. विक्रीतला स्वामित्वशुल्काचा भाग संवर्धनाकडे वळवला गेला. तिथे लागवड आणि रान यांच्यात पैशाचा आणि नोंदीचा धागा पहिल्या दिवसापासून होता. क्लिपिआटाला तो धागा कधी मिळालाच नाही. हरितगृहातली झाडं आणि कड्यावरची झाडं एकमेकांना परकी झाली आहेत, हे माझ्या मते या प्रकरणातलं मुख्य दुखणं. मादीचे कागद नाहीत, हे त्या दुखण्याचं एक लक्षण.

निर्णय

झाड नाकारू नये, असं माझं मत आहे. नाकारलं तर संग्राहक ते दुसऱ्या कुणाला विकेल किंवा त्याच्या माघारी ते पाण्याविना वाळून जाईल. चोरीचा निषेध म्हणून एक जिवंत मादी गमावणं परवडण्याइतकी ही प्रजाती श्रीमंत नाही. पण संग्राहकाची अटही मान्य करू नये. वाटा नाही, विक्रीची मुभा नाही, जाहीर आभार नाहीत. जप्त झालेली झाडं वनस्पती उद्यानांनी सांभाळावीत अशी पद्धत बऱ्याच देशांत आहे. त्याच धर्तीवर ही मादी खाजगी गटाऐवजी एखाद्या मान्यताप्राप्त उद्यानाच्या नावावर जावी आणि तिथल्या वहीत तिच्याविषयी जे माहीत आहे ते, आणि जे माहीत नाही तेही, साफ लिहिलं जावं. ‘उगम संशयास्पद, बहुधा केलम, नव्वदचं दशक’ ही ओळ लाजिरवाणी असली तरी ती हवी. पुढच्या पैदासकाराला ‘उगम: लागवड’ या खोट्या ओळीपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.

संग्राहकाला हे पटेल का? काहींना पटतं. म्हातारपणी आपल्या झाडांचं काय होणार ही चिंता खरी असते. ज्यांना पटत नाही त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही, पण त्यांच्याशी सौदाही करता येत नाही. एकदा वाट्याची प्रथा पडली की पुढचं कागद नसलेलं झाड नव्वदच्या दशकातलं नसेल, मागच्या महिन्यातलं असेल. त्यासाठी गटानं एक तारीख ठरवून जाहीर करावी. त्या तारखेनंतर रानातून आलेलं झाड कितीही मोलाचं असलं, कितीही मरायला टेकलेलं असलं, तरी प्रकल्पात येणार नाही. ते थेट अधिकाऱ्यांकडे जाईल. हा नियम पाळणं एक दिवस जड जाणार, हे आत्ताच मान्य करून ठेवलेलं बरं.

पैदाशीसाठी झाड हलवायची गरजच नाही. नेपेंथिसचा पराग फ्रीजमध्ये कोरडा ठेवता येतो आणि पाकिटातून पाठवता येतो, शौकीन हे नेहमी करतात. मादी उद्यानात राहील, पराग तिच्याकडे जाईल. त्याआधी सगळ्या झाडांची जनुकीय तपासणी हवी: नर किती वेगळे आहेत, कुणात एमीचा अंश आहे का, मादी कुणाची बहीण तर नाही ना. तपासणीआधी घाईनं धरलेलं बी नंतर फेकावं लागतं आणि ते फेकायचा धीर कुणाला होत नाही.

रोपं डोंगरावर परत नेण्याची भाषा मात्र सध्या करू नये. पुनर्स्थापनेबद्दलची आययूसीएनची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ज्या कारणानं प्रजाती गेली ते कारण आधी हटलं पाहिजे. कड्यावर रखवाली नसताना रोपं लावणं म्हणजे पुढच्या चोराची सोय करणं. शिवाय हरितगृहातल्या मुळांबरोबर बुरशी जाते, आणि केलमच्या उरल्यासुरल्या झाडांपर्यंत ती पोचली तर आपणच शेवट केला असं होईल.

तोवर करण्यासारखं पहिलं काम म्हणजे इंडोनेशियाच्या संबंधित खात्याला आणि बोगोरच्या वनस्पती उद्यानाला रीतसर पत्र. बोगोरची बाग १८१७ पासून आहे, हे झाड तिच्याच देशाचं आहे आणि बीजारोपांचा पहिला संच तिथे जाण्यात काहीच आडकाठी नसावी. विक्री झालीच तर ती त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या हिश्श्यासह, आणि पट्टीवर क्लोनचा क्रमांक छापून.

उत्तर आलं नाही तर? असं होऊ शकतं, सरकारी पत्रव्यवहार कुठेही सावकाशच चालतो. तेव्हाही बी धरावं, कारण मादी फुलल्यावर हाताशी फार दिवस नसतात आणि ताजं बीच चांगलं रुजतं. फक्त रोपं निदान दोन वेगवेगळ्या संस्थांत, वहीत क्रमांक पडल्यावरच ठेवावीत. उत्तर येईपर्यंत एकही रोप गटातल्या कुणाच्या घरी जाऊ नये, ज्यानं पराग पाठवला त्याच्याही.